शालेय फेरी

एप्रिलअखेर परीक्षा संपल्या की आमच्या एसटी आगारातल्या शालेय फेऱ्या बंद होतात. तोवर उन्हाळी जादा वाहतूक सुरू झालेली असते. पुण्याला, नाशिकला, शेगावला, पंढरपूरला माणसं निघालेली असतात आणि गाड्या पुरत नाहीत. त्यामुळं एप्रिलपर्यंत आडवळणाच्या गावांतून लेकरं गोळा करत फिरणारी गाडी मे महिन्यात हायवेला लागते, नाहीतर प्रासंगिक करारावर लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाते. गावात सकाळ-संध्याकाळची एखादी फेरी तेवढी उरते. बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या फाट्यापर्यंत चालत येतात. दवाखान्याला जायचं तर कुणाची तरी मोटारसायकल शोधावी लागते. जूनमध्ये लेकरं शाळेत परततात तेव्हा त्यांच्या पाठोपाठ गावाची गाडीही परत येते, म्हणून शाळा उघडण्याची वाट आमच्याकडं ज्यांच्या घरात शाळकरी पोर नाही तेही बघतात.

मी जालना जिल्ह्यातल्या एका आगारात वाहक आहे. घरी दोन लेकरं. लेक यंदा, म्हणजे २०२५ला, नववीत गेली, मुलगा पहिलीत. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, दोघांच्याही शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माझ्या लेकरांना शाळेत जायला एसटी लागत नाही, आणि ज्यांना लागते त्यांना नेणं-आणणं हे माझं काम. त्यामुळं शाळेचा पहिला दिवस मी दरवर्षी दुसऱ्यांच्या लेकरांबरोबर घालवते.

यंदा आमच्याकडं शाळा सोमवारी, १६ जूनला उघडली. आगाराच्या काही गाड्या देऊळगाव राजा, चिखलीच्या बाजूला जातात. तो बुलढाणा जिल्हा, म्हणजे विदर्भ. तिकडं उन्हामुळं शाळा दरवर्षी उशिरा उघडते. यंदा २३ जूनला उघडली, आणि पहिला आठवडा सकाळच्याच वेळेत होती. त्या वाटेवर १६ तारखेला गेलं की अलीकडच्या गावात थांब्यावर तेल लावून चापून बसवलेल्या वेण्या आणि इस्त्रीचे गणवेश दिसतात, आणि चार-पाच किलोमीटर पुढं, हद्द ओलांडली की त्याच वयाची पोरं चड्डी-बनियनवर शेळ्यांमागं हिंडताना दिसतात. ती गाडीतल्यांना बघून ओरडतात. गाडीतली तोंडं पाडून बसतात. पंधरा दिवसांनी सगळे एकाच गाडीत असतात.

पहिल्या दिवशी गाडी भरलेली दिसेल असं नव्या वाहकाला वाटतं. तशी ती दिसत नाही. मृगाचा पाऊस पडला की घरातले सगळे हात शेतात लागतात. सरकी लावायची, सोयाबीन पेरायचं, आणि नववी-दहावीची मुलं म्हणजे शेतात पूर्ण माणूसच. यंदा तर मे महिन्यातच धो धो पाऊस झाला आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो गायब झाला. कुणी पेरलं होतं, कुणी थांबलं होतं. एका गावातून पहिल्या दिवशी दोनच मुली चढल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच थांब्यावर मला आत सरका, आत सरका म्हणून घसा कोरडा करावा लागला. बाहेरून बघणाऱ्याला पहिल्या आठवड्यातली ही गैरहजेरी म्हणजे शाळेची नावड वाटते. मला तशी ती वाटत नाही. पेरणीच्या आठवड्यात घरची मजुरी वाचवून मग शाळेत येणारं पोर त्याच शाळेचा पुढचा खर्च भागवत असतं.

पहिल्या दिवशी माझं सगळं लक्ष पाचवीच्या मुलींकडं असतं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत, कुठं सातवीपर्यंत. ती शाळा घराच्या दारात असते. मधल्या सुट्टीत घरी येऊन भाकरी खाता येते, गुरुजी सगळ्यांच्या ओळखीचे. चौथी संपली की हायस्कूल आठ-दहा किलोमीटरवर. दहा वर्षांची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा घरचं माणूस सोबत नसताना गाडीत चढणार असते. त्या दिवशी थांब्यावर आया येतात. एरवी त्या येत नाहीत, शेतात गेलेल्या असतात. पण त्या सकाळी येतात, पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहतात, आणि गाडी थांबली की मुलीशी न बोलता माझ्याशी बोलतात. "मॅडम, हिला शाळेपाशीच उतरवा, पुढं जाऊ देऊ नका." "बाई, येताना हिला बघून घ्या, ही झोपते गाडीत." एकीनं मला काहीच सांगितलं नाही. मुलीचा हात माझ्या हातात दिला आणि वळून चालायला लागली.

या मुलींना मी माझ्या मागच्या बाकांवर बसवते. पहिले आठ-दहा दिवस तरी. मोठ्या मुलींपैकी त्याच गावची एखादी हुशार पोरगी हेरून तिच्याकडं दोघी-तिघी सोपवते, कारण मी तिकिटात गुंतले की माझी नजर हटते. शाळेच्या थांब्यावर सगळ्या उतरल्या का, हे खाली उतरून बघते आणि मगच डबल बेल देते. संध्याकाळी उलट मोजते: सकाळी या गावच्या किती होत्या, आता किती आहेत. एक जरी कमी असली तर आमचे चालक गाडी हलवत नाहीत. "बघा बरं पाण्याच्या टाकीकडं," म्हणतात. बहुतेक वेळा ती तिथंच असते, मैत्रिणीशी बोलत. याला दोन-चार मिनिटं जातात. ती मिनिटं पुढं घाटात किंवा हायवेला भरून निघत नाहीत, गाडी उशिरा पोचते. तरी मी ती देते, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या बहुतेक बायका देतात. मुलगी पहिल्या आठवड्यात एकदा चुकली, घाबरली, की घरचे दुसऱ्याच दिवशी म्हणतात, राहू दे शाळा.

हे घरचं "राहू दे" म्हणणं कायम तोंडावर असतं, हे शहरातल्या पालकांच्या लवकर लक्षात येणार नाही. मुलाला शाळेतून काढायला कारण लागतं. मुलीला ठेवायला कारण लागतं. त्यामुळं जे जे कारण हाताशी असेल ते मोलाचं. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. राज्यातल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींच्या शाळेसाठी निळ्या गाड्या दिलेल्या आहेत, आधी तालुक्याला पाच होत्या, पुढं सात झाल्या, आणि आमचा भाग त्यात येतो. या कागदावरच्या योजना वाटतात, पण मी त्यांच्यावर काम करते म्हणून सांगते: पास मोफत आहे आणि गाडी दारात येते, या दोन गोष्टींमुळं घरातले दोन वाद सुरू होण्याआधीच मिटतात. तिसरा वाद उरतो तो म्हणजे, अंधार पडायच्या आत ती घरी येईल का? त्याचं उत्तर वेळापत्रकात असतं.

पूर्वी जूनमध्ये पास काढायला बसस्थानकावर रांगा लागायच्या. शाळेचा पहिला आठवडा त्या रांगेतच जायचा. मुख्याध्यापकांचा दाखला, फोटो, आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत गावची गाडी निघून गेलेली. आता शाळांकडून विद्यार्थ्यांची यादी घेऊन पास शाळेतच पोचवण्याची मोहीम आहे, यंदाही ती १६ जूनलाच सुरू झाली. ज्या शाळेचे मुख्याध्यापक यादी वेळेत देतात तिथल्या मुलींच्या हातात पहिल्या काही दिवसांतच पास असतो. आमच्या मार्गावरच्या एका हायस्कुलातले लिपिक सुट्टीतच याद्या तयार ठेवतात. अशा माणसाचं नाव कुठं छापून येत नाही. त्यांच्या शाळेच्या मुली गाडीत चढताना अवघडून उभ्या राहत नाहीत, एवढंच त्यांच्या कामाचं दिसणारं फळ.

आता घरचं. पहाटेची गाडी असली की मी चारला उठते. डबे भरते, कणीक मळून ठेवते, दोघांचे गणवेश खुर्चीवर काढून ठेवते. पुस्तकांना कव्हरं आदल्या रात्रीच घातलेली असतात, ते काम लेक करते आणि तिच्याइतकी नीट घडी मला येत नाही. मुलगा यंदा पहिलीत. पहिलीची पुस्तकं यंदा नव्या अभ्यासक्रमाची आहेत. त्याच जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा शिकवायची की नाही यावर राज्यभर वाद चालला होता. १७ जूनला एक शासन निर्णय आला, २९ जूनला आधीचे निर्णय मागं घेतले गेले. गाडीतून जाणारे शिक्षक रोज त्यावर बोलायचे आणि मी तिकीट फाडता फाडता कान देऊन ऐकायचे, कारण ते माझ्या घरातल्या दप्तराबद्दल चाललं होतं. सहा वर्षांच्या पोराला आधी त्याच्या भाषेत वाचायची गोडी लागू द्यावी, हे माझं मत तेव्हाही होतं, आताही आहे. शिक्षकांपैकी बहुतेकांचं तेच होतं.

पहिल्या दिवशी त्याला शाळेत सोडायला सासूबाई गेल्या. प्रवेशोत्सव होता. गुलाबाचं फूल, पायाचे ठसे, गोड खाऊ. बाईंनी वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि ते मी दुपारी बसस्थानकावर, गाडी लागायची वाट बघताना पाहिले. तो रडत नव्हता. घाबरलेला होता, पण बाईंच्या हाताला धरून उभा होता. त्या बाईंना मी तोवर एकदाच भेटले होते. फोटोतला तो हात मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. सकाळी ज्या बाईनं मुलीचा हात माझ्या हातात दिला होता तिला नेमकं काय हवं होतं, ते मला त्या क्षणी स्वतःच्या पोटातून कळलं. तिला आश्वासन नको होतं, म्हणून ती बोलली नाही. तिला एक जबाबदार माणूस हवं होतं, आणि ते माणूस कोण हे तिनं बघून ठरवलं. मीही तसंच ठरवलं. आपल्या लेकराच्या दिवसाचा मोठा भाग आपण ज्यांना नीट ओळखत नाही अशा बायांच्या आणि माणसांच्या भरवशावर सोडतो: पहिलीच्या बाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, गाडीची कंडक्टर, शाळेचे शिपाई. या माणसांना वेळेवर पगार मिळतो का, त्यांच्यावर कामाचा किती भार आहे, हा प्रश्न पालकांचाच आहे असं मला मनापासून वाटतं. दमलेल्या, गांजलेल्या माणसाची नजर मोजण्यात चुकते.

पगाराचा विषय निघाला म्हणून २०२१चं सांगते. करोनात शाळा बंद होत्या. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. मुली इतक्या महिन्यांनी गाडीत आल्या तेव्हा गणवेश आखूड झाले होते, कुणाच्या पायात घरातल्याच चपला. आणि महिना व्हायच्या आत आमचा संप सुरू झाला. एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण व्हावं, ही मागणी होती. तो पुढच्या वर्षी एप्रिलपर्यंत चालला. मीही संपात होते. आमच्या मागण्या खऱ्या होत्या, त्या काळात आमच्यातल्या काहींनी जीव दिले, आणि संपाच्या मंडपात बसले याबद्दल मला आजही खंत नाही. पण त्याच महिन्यांत दूरच्या गावांतल्या मुलींची शाळा उघडून पुन्हा बंद झाली, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असताना माणसानं काय करावं हे मला कुणी सांगितलं नाही. मुलं सायकलीवर, ट्रॅक्टरवर, कुणाच्या पाठीमागं बसून गेली. मुलींपैकी बऱ्याच घरी राहिल्या. एप्रिलमध्ये आम्ही कामावर परतलो तेव्हा वर्ष संपलं होतं, आणि जूनमध्ये गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा कोण कोण आलं नाही ते मला दिसलं.

कोण आलं नाही, हे दरवर्षी जूनमध्ये दिसतं. ते आधी वाहकाला दिसतं, मग शाळेला. पटावर नाव असतं, शिक्षक काही दिवस वाट बघतात. माझ्या गाडीत मात्र एक जागा पहिल्या दिवसापासून रिकामी असते. मी विचारते, "ती कुठंय गं, मामाच्या गावाहून आली नाही का?" मैत्रिणी आधी एकमेकींकडं बघतात, मग दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करतात. त्यावरून समजतं. मे हा आमच्याकडं लग्नांचा महिना. ज्या गाडीनं तिला नववीपर्यंत शाळेत नेलं, त्याच गाडीत करारावर तिचं वऱ्हाड गेलेलं असू शकतं, कुणा सहकाऱ्याच्या ड्युटीत. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या १०० बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं आहे. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत हा आकडा त्याहून वर आहे. माझ्यासाठी तो आकडा म्हणजे तिसऱ्या बाकावरची खिडकीची जागा.

गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो आणि अंगणवाडीताईंनी त्याला मदत करायची असते, हे मला एका शिक्षिकेनं गाडीतच सांगितलं. चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं आणि करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. तेव्हापासून परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात मी मोठ्या मुलींशी मुद्दाम बोलते. उपदेश करत नाही. "सुट्टीत काय करणार, जूनला भेटू ना?" एवढंच. जी लगेच "हो मॅडम" म्हणते तिची चिंता नसते. जी गप्प राहते तिच्या वर्गशिक्षिकेला मी सांगते. एका मुलीच्या बाबतीत त्या शिक्षिका घरी गेल्या, दोनदा गेल्या, ग्रामसेवकांना घेऊन गेल्या. ती मुलगी यंदा अकरावीला गाडीत आहे. तिची ओळख पटेल असं काही मी लिहिणार नाही. तिच्या आईनं मला एकदा बाजाराच्या दिवशी गाडीत हातावर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आणि काही न बोलता मागं जाऊन बसली.

माझी लेक नववीतच आहे. ती संध्याकाळी मला दिवसभराचं विचारते आणि मी तिला सांगते, नावं न घेता. तिनं एकदा विचारलं की तिच्या वयाच्या मुलीला घरचे असं कसं करू शकतात. मी तिला त्या घरांची बाजूही सांगितली. दसऱ्यानंतर आई-बाप ऊसतोडीला जातात, सहा महिने बाहेर असतात, वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची भीती वाटते. ती भीती खोटी नाही. मुलीला वसतिगृह असेल, वेळेवर गाडी असेल, गावात कुणी विचारणारं असेल तर ती भीती कमी होते, आणि ज्या घरात ती कमी झाली तिथं बाप स्वतः थांब्यावर येऊन मुलीला बसवून देताना मी बघितला आहे. हे मला माझ्या लेकीला कळायला हवं होतं. तिला शाळा आपोआप मिळाली आहे, तिच्या वर्गातल्या फाट्यावरून येणाऱ्या मुलींना ती रोज सकाळी मिळवावी लागते.

चांगलंही बदलतं आहे. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याचा शाळेशी संबंध कुणी जोडला नव्हता, पण मला माझ्या गाडीत तो दिसतो. पूर्वी पालकसभेला बाप यायचे, तेही क्वचित. आता आया येतात. दोघी-तिघी मिळून येतात, शाळेच्या थांब्यावर उतरतात, परतीच्या गाडीला गुण, हजेरी, बाई काय म्हणाल्या हे मोठ्यानं बोलत बसतात. ज्यांची शाळा पाचवीत सुटली त्या बायका आपल्या मुलीचं हायस्कूल आतून बघून येतात. परतीच्या वाटेवरचा त्यांचा आवाज सकाळच्यापेक्षा मोठा असतो.

अडतं ते शनिवारी. शनिवारी शाळा सकाळची. पण आमच्या मार्गावर तीन हायस्कुलं, तिघांच्या सुटण्याच्या वेळा वेगळ्या, आणि गाडी एक. जिथं शेवटी पोचते तिथल्या मुली तास-दीड तास थांब्यावर बसतात, आणि मग घरचे म्हणतात, शनिवारी नकोच जाऊ. महिन्यातले चार दिवस असे गेले की वर्षाचं गणित बिघडतं. यंदा तिन्ही मुख्याध्यापक एकत्र बसले, शनिवारची सुटण्याची वेळ एकमेकांशी जुळवून घेतली आणि तसं एकत्र पत्र आगारात दिलं. जुलैपासून ती फेरी नीट चालू आहे.

ज्या गावांची अशीच अडचण आहे त्यांना कामाचं सांगते. गाडीची वेळ बदलून हवी असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, त्यात शाळा भरण्याच्या-सुटण्याच्या वेळा, शनिवारची वेळ वेगळी, आणि गावागावातून येणाऱ्या मुला-मुलींची संख्या लिहा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. आगार व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज करा आणि पोच घ्या. आणि हे सगळं मे महिन्यात करा, शालेय फेऱ्यांची आखणी सुरू असताना. शाळा उघडल्यावर आलेल्या अर्जासाठी दुसऱ्या कुठल्या तरी गावची गाडी हलवावी लागते, आणि त्या गावातही पाचवीच्या मुली असतात.